आवाज कमी येतोय

“अजून कमीच आहे,” दादा म्हणाला.

रेडिओताई व्हॅनच्या डॅशबोर्डखाली अर्धी आत, अर्धी बाहेर अशी आडवी पडली होती. तोंडात टॉर्च, हातात पकड. टॉर्च बाजूला काढून तिने विचारलं, “फोनचा आवाज पूर्ण ठेवलायस ना?”

“काय?”

“फोनचा आवाज. पूर्ण ठेवलायस का?”

“अगं, पूर्णच आहे. तुझी ती तारच कुठेतरी दम सोडतेय.”

महिन्याभरातली ही तिसरी खेप. दादा एका शाळेची अकरा मुलं रोज ने-आण करायचा. घर ते शाळा पाऊण तास, परत येताना तेवढाच. या वेळात मुलांनी एकमेकांच्या झिंज्या उपटू नयेत म्हणून तो फोनवर गोष्टी लावायचा आणि फोन वायरने स्टीरिओच्या ऑक्सच्या भोकाला जोडायचा. व्हॅन जुनी, स्टीरिओ त्याहून जुना. रेडिओ लावला की काचा थरथरायच्या आणि फोन जोडला की गोष्ट सांगणारी बाई जणू शेजारच्या घरातून बोलायची.

पहिल्या खेपेला दोष खरा होता. फोनच्या भोकात खिशातला कापूस दाबून बसला होता, तो तिने सुईने काढला. दुसऱ्या खेपेला तिने स्टीरिओच्या पोटात लपलेली ऑक्सची सेटिंग शोधून वर नेऊन ठेवली. आता तिसऱ्या खेपेला ती काडेपेटीएवढा बूस्टर बसवत होती.

“याने काय होणार?” दादाने विचारलं.

ती बाहेर आली, पाठीचं वंगण पुसलं आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, “रेडिओ मुळातच तगडा असतो. फोनमधून येणारा आवाज बारीक, कानात घालायच्या बोंडासाठी केलेला. तो या डब्यात मोठा होऊन मग पुढे जाईल.”

“मग आधीच का नाही बसवलास?”

“कारण डबा आवाजाबरोबर खरखरही वाढवतो. इलाज नसेल तरच बसवायचा.”

गाड्यांच्या रेडिओचं हे दुकान तिच्या वडिलांचं. इमारतीच्या जिन्याखाली, उभं राहिलं तर डोकं लागेल असं. वडील गेले तेव्हा दादा सत्तावीसचा होता आणि ती सतरा. दुकान दादाचंच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. दादा आठ दिवस गल्ल्यावर बसला. नवव्या दिवशी म्हणाला, “माझे हात जाड आहेत. बारीक तारा मला दिसतही नाहीत आणि जमतही नाहीत. हिला बसवा.” काकांनी डोळे वटारले. मुलगी काय लोकांच्या गाड्यांखाली झोपणार का? दादा म्हणाला होता, “झोपेल. खाली अंथरायला पोतं मी आणून देईन.” आणि तो दुसऱ्याची गाडी चालवायला गेला. तेव्हापासून तेहेतीस वर्षं ती रेडिओताई होती. आता नव्या गाड्यांना स्टीरिओच्या जागी बोटाने चालणारी काच असते आणि ती काच कुणी उघडत नाही. तिच्याकडे येतात ते हॉर्न, मागचे कॅमेरे आणि दादासारख्यांची जुनी खटारी.

ती पुन्हा आत शिरली. डबा स्क्रूने बसवला. आता फक्त दोन वायरी जोडायच्या राहिल्या होत्या. डबा सीटवर बसलेल्या दादाच्या पायाला लागतो का ते कळावं म्हणून ती डोकं बाहेर काढून म्हणाली, “बघ आता.”

दादाने फोनवर बोट ठेवलं. स्क्रीनवरची रेघ सरकू लागली. तो क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला आणि समाधानाने मान डोलावत म्हणाला, “हां. आता कसं. आता आलं बघ.”

ताईच्या मुठीत दोन्ही वायरी तशाच होत्या. व्हॅनमध्ये कसलाही आवाज नव्हता. रस्त्यापलीकडचा टायरवाला हवा भरत होता, तेवढाच काय तो फुसफुसाट.

ती खाली वाकली, वायरी जोडल्या. त्याबरोबर गोष्टीतला राक्षस असा काही खेकसला की टायरवाल्याने नळी बाजूला करून इकडे पाहिलं. दादा शांतपणे म्हणाला, “हो, अस्संच पाहिजे,” आणि शाळा सुटायची वेळ झाली म्हणून निघून गेला.

त्या दुपारी तिने एक हॉर्न उलटा जोडला. असं तिच्या हातून कधी होत नसे. फोनवर दादा अलीकडे नुसतंच “हां, हां” करायचा, ते आठवलं. जेवायला बसताना तो नेहमी भिंत डाव्या बाजूला घ्यायचा, तेही. वहिनी कुरकुरायच्या, “तुमचा भाऊ माझं बोलणं कानावरच घेत नाही,” आणि आपण हसलो होतो. पन्नास वर्षांच्या आयुष्यातली तेहेतीस तिने आवाज दुरुस्त करण्यात घालवली होती, आणि घरचाच आवाज कमी झालेला तिला ऐकू आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शटर ओढून ती शाळेच्या फाटकाशी गेली.

“डब्याची चाचणी घ्यायचीय,” तिने दादाला सांगितलं. “मागे बसते.”

“बस की. चिमण्यांच्यात जागा मिळाली तर.”

मुलं भराभर चढली. सातवीतली एक उंच मुलगी न सांगता पुढे, दादाच्या शेजारी जाऊन बसली. व्हॅन निघाली, दादाने गोष्ट लावली. त्यासरशी ताईच्या शेजारच्या चिमुरडीने दप्तर मांडीवर घेतलं आणि दोन्ही कानांत बोटं घातली. तक्रार नाही, तोंड वेडंवाकडं करणं नाही. पट्टा लावावा इतक्या सवयीने. समोरच्या बाकावरची दोघंही तशीच बसली होती.

ताईने तिच्या कानाशी वाकून विचारलं, “रोज एवढा मोठा असतो?”

“आधी थोडा कमी होता. कालपासून खूपच झालाय.” मुलीने एक बोट काढलं. “व्हॅनकाकांना ऐकू येत नाही ना.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. आम्हाला माहितीय. घरी सांगायचं नाही असं ठरलंय. सांगितलं तर हे काका जाऊन दुसरे येतील.”

“आणि ती ताई पुढे का बसते?”

“ती हॉर्न सांगते.”

मग ताईने नीट पाहिलं. मागून हॉर्न वाजला की पुढची मुलगी दादाच्या दंडाला बोट लावायची. डावीकडून असेल तर एकदा, उजवीकडून असेल तर दोनदा. दादा मान हलवायचा आणि गाडी त्या बेताने घ्यायचा. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हती. दादाचं लक्ष आरशात होतं, मुलांच्या ओठांवर.

चौथ्या मुलाला सोडून व्हॅन एका अरुंद गल्लीत शिरली. पुढच्या मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला ती वाकली. नेमका तेव्हाच डावीकडच्या फाटकातून एक टेम्पो मागे यायला लागला, हॉर्न दाबून धरलेला. दादा उजवीकडचा सायकलवाला सांभाळत सरळ चालला होता.

“दादा, थांब.”

तो थांबला नाही. ताई दोन बाकांमधून अंग लोटत पुढे गेली आणि तिने त्याचा खांदा पकडला. ब्रेक लागला. पोरं एकमेकांवर आदळली. टेम्पोचा मागचा फळका व्हॅनच्या काचेपासून वीतभरावर येऊन थांबला.

कुणाला काही लागलं नव्हतं. नाडी हातात धरलेली मुलगी मात्र पांढरीफटक पडली. “काका, माझं लक्ष नव्हतं,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. गोष्ट बंद केली. राहिलेली मुलं त्याने सायकलच्या वेगाने घरोघर पोचवली.

शेवटचं मूल उतरल्यावर त्याने व्हॅन एका भिंतीच्या सावलीत लावली. ताई पुढच्या सीटवर येऊन त्याच्याकडे वळून बसली.

“कधी कळलं तुला?” त्याने विचारलं.

“काल. डबा जोडलाच नव्हता तेव्हा तू आवाज आला म्हणालास.”

तो स्वतःशीच हसला. “तू सारखी खाली शिरत होतीस. म्हटलं, किती त्रास द्यायचा.”

“किती दिवस झाले?”

“दोन वर्षं असतील. डावा आधी गेला. आता उजवाही निघालाय त्याच्यामागे.”

“वहिनीला?”

“तिला वाटतं मी लक्ष देत नाही. ते ती चाळीस वर्षं धरून चाललीय, त्यात नवीन काही नाही.”

“आणि लायसन्सच्या वेळी तपासलं नाही कुणी?”

“डॉक्टर समोर बसून प्रश्न विचारत होता. ओठ दिसत होते की मला.” मग त्याचा आवाज चढला. “एकोणीस वर्षं झाली, छोटी. एका पोराला खरचटलेलं नाही. कुणाच्या आईला फाटकात ताटकळत उभं राहावं लागलेलं नाही.”

“आज खरचटलं असतं.”

“आज नाडी सुटली म्हणून.”

“दादा, अकरा जीव तू बारा वर्षांच्या पोरीच्या बोटावर ठेवलेस. तिचा चेहरा पाहिलास ना?”

तो स्टिअरिंगवरचा रबर अंगठ्याने सोलत राहिला. मग म्हणाला, “तू आपले गाडीतले आवाज वाढव. माझं मी बघतो.”

ती गप्प बसली असती. लहानपणापासून दादाचा हा स्वर आला की ती गप्प बसत आली होती. पण तिला त्या चिमुरडीचं कानातलं बोट दिसत होतं.

“दुकानात मला बसवलंस तेव्हा म्हणालास, माझे हात जाड आहेत. ते खोटं होतं का?”

“खोटं कशाला असेल?”

“चारचौघांत बोललास. काकांपुढे. तेव्हा तुला लाज वाटली नाही.”

“तेव्हा गाडी चालवता येत होती मला,” दादा म्हणाला. “एक सोडलं तर दुसरं होतं. आता काय आहे?”

ती म्हणाली, “ते मला माहीत नाही. पण हे त्यांच्या घरी कळायलाच हवं. मी सांगू शकते. तुझ्या तोंडून जावं असं मला वाटतं.”

त्याने व्हॅन चालू केली, तिला दुकानाशी सोडलं आणि निरोप न घेता गेला.

दोन दिवस काहीच खबर नाही. ताईने हातातली कामं उरकली, उगीचच कपाटातले स्क्रू मापाप्रमाणे वेगळे केले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

“तुमचं भांडण झालंय का?” त्यांनी विचारलं.

“का हो?”

“परवापासून व्हॅन दाराशी उभी आहे. मुलांसाठी मित्राची गाडी लावून दिलीय. आणि हे इस्त्रीचा शर्ट घालून रोज संध्याकाळी चालत जातात. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, दहा घरं आहेत, आज चार झाली. काल जेवताना मला म्हणाले, जरा माझ्याकडे बघून बोल. मला आधी रागच आला हो. मग सगळं सांगितलं त्यांनी. चाळीस वर्षं भांडले मी या माणसाशी, त्यातली दोन वर्षं फुकट गेली बघा.”

नंतर दादाकडूनच तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं. एका घरी बाप दारातच ओरडला, आणि दादा उभा राहून ऐकत राहिला. “सगळं ऐकू नाही आलं, तेवढाच फायदा,” तो म्हणाला. एका घरी आजीने आत बोलावून पाणी दिलं आणि आपलं कानाचं यंत्र काढून दाखवलं. सर्वात शेवटी तो सातवीतल्या मुलीकडे गेला. तिच्या आईला म्हणाला, हिला रागावू नका, चूक मोठ्या माणसाची आहे. मुलगी दाराआड उभी होती. बाहेर आली नाही. त्याचं त्याला वाईट वाटलं, बापाच्या ओरडण्यापेक्षा जास्त.

कान तपासून झाले. यंत्राने घरातलं बोलणं कळेल, डॉक्टर म्हणाला, रस्त्यावरच्या गलक्याची खात्री नाही. मुलांची गाडी पुन्हा चालवायची नाही, हे दादाने डॉक्टरने सांगायच्या आधीच ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी व्हॅन दुकानासमोर उभी राहिली. नवी ड्रायव्हर चाळिशीची बाई होती, दहा वर्षं दुधाची गाडी चालवलेली, बाह्या दुमडलेली. व्हॅन आता तिची होणार होती. ताईने बूस्टर काढला, वायर पूर्वीसारखी थेट जोडली. मग मागच्या बाकावर बसून गोष्ट लावायला सांगितली आणि आवाज मुलांच्या कानाला बेताचा लागेपर्यंत आकडा खाली आणायला लावला. “अकरा,” ती म्हणाली. “याच्या वर नको.”

दादाने वहीचा कागद काढला. त्यावर थांब्यांचा नकाशा होता, पण तो न बघताच बोलत होता. “निळ्या फाटकाशी हॉर्न मारायचा नाही, तिथे आजोबा झोपलेले असतात. थांबायचं, पोरगा येतो. जुळ्या बहिणींना शेजारी बसवायचं नाही. सर्वात लहानी आहे तिला मागे उलटी होते, तिला मधल्या बाकावर, खिडकीशी. आणि पावसात शेवटच्या वळणावर...”

नवी ड्रायव्हर ऐकत ऐकत व्हॅनच्या मागे गेली होती. वाकून चाक तपासता तपासता तिने तिथूनच काहीतरी विचारलं. दादा वळणाचंच सांगत राहिला. तिने जरा मोठ्याने पुन्हा विचारलं, आणि मग कंबरेवर हात ठेवून ताईकडे बघितलं.

ताईने तोंड उघडलं. पण त्याआधी दादालाच ती बघणारी बाई दिसली. तो बोलायचा थांबला. कागदाची घडी केली, सरळ तिच्याजवळ चालत गेला आणि उजवा कान पुढे करून उभा राहिला.

“या बाजूने बोला,” तो म्हणाला. “मला कमी ऐकू येतं.”

“मागच्या दाराची कडी,” बाई म्हणाली. “ती आतून लागते की बाहेरून?”

“बाहेरून,” दादा म्हणाला. “थांबा, दाखवतो.”