अकरा वेळा बिघडलेला प्रयोग

आमच्या मॅडमना आम्ही कात्री म्हणतो. तोंडावर नाही अर्थात; तेवढी हिंमत असती तर पीएचडी कशाला करत बसलो असतो! मजकूर कापतात म्हणून हे नाव पडलं, असं मला आधी वाटायचं. आता माझं मत असं आहे की त्या माणसंच कापतात.

संशोधनाचा प्रस्ताव कसा लिहायचा हे त्या शिकवतात. शिकवतात म्हणजे काय, तर आपण लिहून न्यायचं, त्या वाचणार आणि प्रत्येक उद्दिष्टाखाली लाल पेनाने एकच ओळ लिहून परत देणार: 'हे खोटं ठरलं तर?' मग काय लिहायचं, ते सांगायचं नाही. मी सहा मसुदे दिले, सहाही वेळा तेच. सहावा हातात पडला तेव्हा तळपायाची आग मस्तकाला गेली.

खोटं ठरेलच कसं? तीन वर्षं घासली आहेत मी या एका जनुकावर. ते यकृताच्या पेशीत चालू असतं, मेंदूच्या पेशीत बंद. आणि त्याला अगदी लागून डीएनएचा एक छोटा तुकडा आहे, बटणासारखा. यकृतात तो मोकळा असतो, मेंदूत घट्ट गुंडाळलेला. म्हणजे हे जनुक त्याच बटणाने चालतं. यात शंका घ्यायला जागा कुठे आहे? पण नाही, बाईंना शंका हवीच.

हा प्रस्ताव तीन परीक्षकांसमोर मांडावा लागतो. पहिल्या खेपेला मी नापास झाले. आज दुसरी खेप, आणि तिसरी नसते. आज गेलं की टेबल रिकामं करायचं आणि घरी जायचं.

सकाळी आवरत होते तेवढ्यात दादाचा फोन आला. माझा मोठा भाऊ वायरमन आहे. म्हणाला, "एकदा मला समजेल असं सांग, म्हणजे तुझीही तयारी होईल." मी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, मग बटण बंद केल्यावर दिवा जातो का, हे बघितलंस ना?"

"दादा, पेशी म्हणजे तुझ्या गिऱ्हाइकाच्या जिन्यातला दिवा नाहीये."

"अगं, मी आपलं सहज विचारलं..."

"नको विचारूस! तू पण आता कात्री होऊ नकोस." आणि मी फोन ठेवून दिला. आईने ऐकलं असतं तर मला फाडून खाल्लं असतं. पण तो प्रयोग मी केला होता आणि तो बिघडला होता, आणि परीक्षेच्या सकाळी बिघडलेल्या गोष्टी कोणाला आठवायच्या असतात?

परीक्षेच्या खोलीत लांबुळकं टेबल, तीन खुर्च्या, पांढरा फळा. कडेचे दोघे माना डोलावत होते. मधे कात्री, समोर माझे कागद, पेनाचं टोपण काढलेलं. वीस मिनिटं मी न अडखळता बोलले. मग त्यांनी विचारलं, "तो तुकडा तू कधी कापून काढलास का?"

झालं. माझा तोल गेला. "काढला, मॅडम. प्रयोग बिघडला. पुन्हा केला, पुन्हा बिघडला. अकरा वेळा! प्रत्येक वेळी नव्या पेशी, प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून. बिघडलेल्या प्रयोगांची यादी पण प्रस्तावात जोडू का?"

कडेचा एक जण खाली बघायला लागला. कात्रीचा आवाज मात्र चढला नाही.

"तुकडा निघाला होता?"

"दर वेळी. स्वच्छ."

"पेशी जिवंत होत्या?"

"होत्या."

"मग बिघडलं काय?"

"जनुकच हललं नाही ना! बटण काढलं तरी ते चालूच..."

मी स्वतःच्याच तोंडून ते ऐकलं होतं, आणि कानशिलात बसल्यासारखं झालं.

"एक तर त्या जनुकाला दुसरंही बटण आहे," कात्री म्हणाल्या, "नाही तर हे बटण भलत्याच, लांबच्या जनुकाचं आहे. दोन्ही शोधण्यासारखं आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या मसुद्यात, नवव्या पानावर या प्रयोगाची तळटीप होती. दुसऱ्यापासून तू ती काढून टाकलीस."

"मग सांगितलं का नाहीत?" माझा आवाज फाटला. "सहा मसुदे, मॅडम! एक नापासाचा शेरा!"

"मी सांगितलं असतं तर तो माझा प्रस्ताव झाला असता. बाहेर बस. दोन तासांत पहिलं पान नव्याने लिहून आण, मग ठरवू."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. त्यांचा राग आला होता, अजूनही येतो. माणसाला असं पाण्यात ढकलून काठावर उभं राहण्याला मी शिकवणं म्हणणार नाही. पण त्याहून जास्त संताप माझा मला आला होता. मनासारखं उत्तर आलं नाही म्हणून अकरा वेळा मी उत्तरालाच बिघाड म्हटलं होतं. आणि तेच सहज विचारणाऱ्या भावाच्या अंगावर धावून गेले होते.

कोरा कागद घेतला. वर माझं पहिलं उद्दिष्ट जसंच्या तसं उतरवलं. त्याखाली त्यांची ओळ मी माझ्या हाताने लिहिली: 'हे खोटं ठरलं तर?'

आणि त्याखाली लिहिलं, 'ठरलं आहे. अकरा वेळा.'