सत्तावन्न पावलं

सरोजताईंनी हँडसेट कानाला लावला आणि त्या सरळ दुकानाबाहेर पडल्या.

"अहो आजी! फोन घेऊन कुठे निघालात?" काउंटरमागून दुकानदार ओरडला.

"पळून नाही जात. किती लांब ऐकू येतं ते बघतेय. उर्वी, तू बोलत राहा गं."

त्यांची नात उर्वी दुकानातच उभी होती. तिने आपल्या मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावला होता आणि आजीने तो नव्या कॉर्डलेसवर उचलला होता. काय बोलावं ते न सुचून ती क, ख, ग, घ म्हणायला लागली. बाहेर ठाण्याच्या फुटपाथवर सत्तरी ओलांडलेली एक बाई भलाथोरला फोन कानाला लावून, ओठांतल्या ओठांत पावलं मोजत चालली होती. लोक वळून बघत होते. बघेनात का! केळेवाल्यापाशी 'झ' खरखरला आणि 'ट' तर पोचलाच नाही.

"चाळीस," परत येऊन त्यांनी हँडसेट काउंटरवर ठेवला. "हा नको. दुसरा दाखवा."

"आजी, आजकाल कॉर्डलेस मागायलाच कुणी येत नाही. तीनच पीस आहेत. हा दिसायला बघा ना किती स्लिम आहे. आणि हॉलमधून किचनमध्ये जायला किती रेंज लागते?"

"मला सत्तावन्न पावलं जायचंय. त्यात बत्तीस पायऱ्या आणि तीन भिंती. म्हणजे मोकळ्यावर शंभर तरी हवीत."

दुकानदाराने उर्वीकडे पाहिलं. उर्वीने आपल्या नखांकडे पाहिलं.

तिसरा फोन करड्या रंगाचा, जाडजूड आणि दिसायला अगदी ओबडधोबड होता. तो केळेवाल्याला ओलांडून गेला, औषधांच्या दुकानाला ओलांडून गेला. उर्वीची 'ज्ञ'पर्यंत एक फेरी होऊन दुसरी सुरू झाली तेव्हा कुठे आजी परत फिरल्या. इतक्या खूश त्या पुष्कळ दिवसांत दिसल्या नव्हत्या.

रिक्षात खोकं मांडीवर घेऊन बसल्यावर उर्वीने विषय काढलाच.

"आजी, पप्पा चिडणार. ते म्हणालेले लाइनच बंद करून टाक आणि दिवाळीआधी कल्याणला ये. तुझी रूमपण रेडी झालीये. लिफ्ट आहे, गॅलरी आहे."

"कल्याणचा कोड वेगळा. हा नंबर तिकडे नेता येत नाही. मी ऑफिसात दोनदा विचारून आलेय."

"पण त्या नंबरवर फोन येतो कुणाचा? लोन हवंय का विचारणाऱ्यांचा!"

सरोजताईंनी खोकं नुसतं घट्ट धरलं. रिक्षा कोपरीकडे वळली.

ज्याचा फोन यायचा होता त्याचं नाव प्रणित. इमारतीच्या मागे बैठ्या खोल्यांची ओळ होती. तिच्यातल्या पहिल्या खोलीतल्या चंद्रभागेचा हा मुलगा. चंद्रभागेचा नवरा दामाजी खाडीत जाळं टाकायचा आणि ती मासळी विकायची. त्या काळी अख्ख्या आवारात फोन एकच, दुसऱ्या मजल्यावर सरोजताईंकडे. तो सगळ्यांचाच होता. लग्नपत्रिकांवर, शाळेच्या फॉर्मांवर, दवाखान्याच्या कागदांवर लोक त्यांचाच नंबर लिहायचे आणि पुढे कंसात 'पी.पी.' टाकायचे. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. फोन आला की सरोजताई गॅलरीत येऊन नावानिशी हाक मारायच्या. त्यांच्या आवाजाला तेव्हा चांगली धार होती. दामाजीने तर होडीवर नाव रंगवायच्या निळ्या रंगाने हा नंबर आपल्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवला होता, पी.पी.सकट.

प्रणित एकोणिसाचा असताना बापाशी भांडून गेला. खाडीत आता चिखलाशिवाय काही उरलं नाही, मी होडीवर येणार नाही, असं म्हणाला. दामाजीने त्याच्यावर हात उगारला. पोरगा घराबाहेर पडला तो चार महिने कुठे होता कुणाला कळलं नाही. मग एका दुपारी फोन वाजला.

"काकू, मी प्रणित. आईला बोलवा ना पटकन. रुपयाच्या डब्यावरून बोलतोय."

सरोजताईंनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. गॅलरीत धावून तीन हाका मारल्या. उत्तर आलं नाही तेव्हा त्या खाली धावल्या. चंद्रभागेला घेऊन दम खात वर आल्या. चंद्रभागेने रिसीव्हर कानाला लावला. तिच्या हाताला साबणाचा वास येत होता, एवढंही सरोजताईंच्या लक्षात राहिलं होतं. पण रिसीव्हरमधून नुसतं टूं टूं येत होतं. डब्यात टाकलेल्या रुपयाचा वेळ संपला होता. त्यानंतर फोन आला नाही.

त्या वायरीचा सरोजताईंना असा राग आला की पुढच्याच आठवड्यात त्यांनी पहिला कॉर्डलेस घेतला. पुन्हा फोन आला तर तो ठेवून धावायचं नाही, हातात घेऊनच धावायचं. गुरुदत्त, त्यांचे यजमान, आयुष्यभर चेष्टा करायचे, "आमच्याकडे फोन फिरायला जातो." त्यांचं खोटं नव्हतं. रोज चार वाजता सरोजताई हँडसेट घेऊन चंद्रभागेकडे चहाला जात. दोघींच्या मध्ये तो ठेवलेला असे. या चोवीस वर्षांत सगळ्या नंबरांच्या सुरुवातीला दोनचा आकडा लावायची वेळ आली. प्रणितला हे कळेल का, या काळजीने सरोजताईंना झोप लागेना. चंद्रभागेच्या दारावरही निळ्या नंबराच्या सुरुवातीला त्यांनीच लाल रंगाने दोनचा आकडा काढला. दामाजी गेला, गुरुदत्त गेले, होडीही गेली. दोन कॉर्डलेस झिजून गेले. नंबर तेवढा राहिला.

घरी आल्यावर उर्वीने नवा फोन जोडून दिला.

"आता मी खाली जाते," सरोजताई म्हणाल्या. "दहा मिनिटांनी मोबाइलवरून रिंग दे. तिथे वाजतो का बघू."

चंद्रभागा उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती आवाराबाहेर फारशी जात नसे. सरोजताईंनी करडा फोन दोघींच्या मध्ये ठेवला.

"ह्यो कवा घेतलास?"

"आत्ताच. शंभर पावलं जातो."

चंद्रभागेने फोनला हात लावला नाही. लसणाची पाकळी बोटांत तशीच राहिली.

"तुजी नात काल सांगत व्हती. लेक कल्यानला बोलवतंय, आनि तू नाय बोलतेस."

"मला इथे करमतं."

"जिना चराला तुला पाव तास लागतो. मना दिसतंय ना हितून." चंद्रभागेने सूप बाजूला सारलं. "बाय, तू ह्या फोनच्यापायी हितं रायलीस. खरं हाय का नाय?"

सरोजताईंनी पदराने फोनवरची नसलेली धूळ पुसली.

"त्या दिवशी मी तुजी हाक आयकली व्हती."

"कुठल्या दिवशी?"

"पयलीच हाक आयकली. तू बोललीस, प्रणितचा फोन हाय. मी बोय मासली साफ करीत व्हते. मनात बोलले, चार महिने आयशीची याद नाय आली, आता थांब जरा. मंग सगली बोय साफ केली. खवले भरले. साबन लावून हात धुतले. तवर तू खाली आलीस. तुला वाटलं, मना आयकू आलं नाय." ती थांबली. "तुज्या वायरचा काय दोष नव्हता. तू जा कल्यानला."

सरोजताईंना एकदम साबणाचा तो वास आला. मासळी करता करता धावत आलेल्या बाईच्या हाताला साबणाचा वास! चोवीस वर्षं तो वास त्यांच्या ध्यानात होता आणि एकदाही त्यांनी त्याचा अर्थ लावला नव्हता.

त्यांना राग आला. खूप राग आला. आपण आणखी भराभर उतरायला हवं होतं असं म्हणत जागून काढलेल्या रात्री, यजमानांची चेष्टा, ऑफिसातल्या खेपा, सगळं एकदम आठवलं.

"चोवीस वर्षं," त्या म्हणाल्या. "रोज माझ्यासमोर चहा प्यायलीस गं तू. एकदा सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस रोज?"

सरोजताई उठल्या. उठल्या खऱ्या, पण त्यांचा हात दाराच्या चौकटीवरच राहिला.

तेवढ्यात फोन वाजला.

उर्वी दहा मिनिटांनी रिंग देणार होती, हे सरोजताई पार विसरून गेल्या होत्या. चंद्रभागेला तर ते ठाऊकच नव्हतं. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तिने फोनवर झडप घातली. गुडघा दाराला आपटला, सूप उपडं झालं, उंबराभर लसूण झाली. फोन तिने उलटाच कानाला लावला.

"बोल रे! बोल, मी हाय! हितंच हाय मी!"

सरोजताईंनी वाकून फोन तिच्या हातात सुलटा करून दिला.

"चंद्रभागा आजी? मी उर्वी बोलतेय. ऐकू येतंय का?"

चंद्रभागेने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "येतंय गो पोरी. बाजूला बसल्यावानी येतंय."

सरोजताई पुन्हा खाली बसल्या. उंबऱ्यावरची लसूण एकेक करून त्यांनी सुपात भरली. शेवटची पाकळीही भरून झाली. मग त्यांनी फोन मागून घेतला.

"उर्वी, पप्पांना सांग, मी येते दिवाळीआधी. आणि ऑफिसात अर्ज करायचाय, तो तू लिहून दे. नाही, लाइन बंद करायची नाही. लाइन खाली आणायची. कोपरीतल्या कोपरीत नंबर तोच राहतो."

त्यांनी फोन बंद करून चंद्रभागेच्या मांडीवर ठेवला.

"रात्री चार्जरवर ठेवायचा. विसरू नकोस."

"आनि तू?"

सरोजताईंनी दार थोडं ओढून घेतलं. आतल्या बाजूला दामाजीचा निळा नंबर होता, त्याच्या सुरुवातीला त्यांचा लाल दोन, आणि शेवटी कंसात पी.पी.

"सुरी दे," त्या म्हणाल्या.

चंद्रभागेने मासळीची सुरी पुढे केली. सरोजताई दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि कंसातली दोन अक्षरं खरवडायला लागल्या.