मागची गादी

"गादी अजून एक बोट खाली उतरवा, मास्तर. एकच! पुन्हा नाही मागणार."

"गेल्या खेपेलाही तुम्ही हेच म्हणाला होतात, साहेब," मास्तर म्हणाले आणि त्यांनी गाडीच्या पुढच्या गादीत अंगठा रोवला. फोम कुठे किती उरलाय ते त्यांना अंगठ्याने कळायचं.

मोटरसायकलच्या गाद्या शिवण्यात मास्तरांची छत्तीस वर्षं गेली होती. स्वतःला सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. पण कोण एका अंगावर रेलून बसतो, कोणाची कंबर धरते, हे ते फोमवरून सांगत. आजवर एकही गादी तक्रार घेऊन परत आली नव्हती. एवढाच काय तो त्यांचा अभिमान.

समोर उभे होते ते चष्म्याच्या दुकानाचे मालक. वय एकाहत्तर. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ही मोठी टूरिंग गाडी घेतली आणि त्यांचं बोलणंच बदललं.

"सहा सिलिंडर, मास्तर! अठराशे सीसी! एकशे वीसला टॉप गिअरमध्ये सोडा, मांजर गुरगुरावं तेवढाच आवाज. बटण दाबलं की काच वर, वारा कपाळाला शिवत नाही. थंडीत गादी गरम होते. पावणेचारशे किलोंचं धूड, पण मागे घ्यायला रिव्हर्स आहे. आणि ही? ही मागे बसून अकरा माळा जप करते! विचारा हिला."

शेजारी उभ्या असलेल्या वहिनी ओठ न उघडता हसल्या. मास्तरांनी नजर खाली वळवली.

सकाळीच वहिनींचा फोन आला होता. "भाऊ, आता गादी उतरत नाही म्हणून सांगा. परवा पंपावर यांचे पाय नीट टेकले नाहीत, गाडी कलंडली. माझा पाय थोडक्यात वाचला. गाडी विका म्हटलं तर माझं ऐकत नाहीत हो. तुमचं ऐकतील." मास्तर हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. सकाळी दिवा लावून कामाला बसणारा माणूस. कामाबाबत खोटं बोलायचं तर जीभ उचलेना. कारण एक बोट उतरत होतं.

गाडीचे सगळे गुण ती धावत असताना. थांबली की माणसाचे दोन पाय, बस्स. मास्तरांचं लक्ष साहेबांच्या बुटांकडे गेलं. तळ चांगला दोन बोटं जाड होता.

"हे काय, साहेब?"

"मोच्याकडून लावून घेतला. तेवढीच उंची."

"वा! म्हणजे वरून मी कापतोय, खालून मोची वाढवतोय. मधले गुडघे मात्र आहेत तिथेच!"

साहेब हसले नाहीत. "उतरतंय की नाही, तेवढं सांगा."

वहिनींनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"उतरतंय," मास्तर म्हणाले. वहिनींनी मान फिरवली. "पण ते बोट मागच्या गादीतून येईल. पुढे खड्डा केला की मागचा काठ तासावा लागतो. तीनदा तासलाय."

"मग तासा की! मागे काय, सोफा आहे."

"बसून बघा."

"मी? मागे?"

"बारा वर्षांत कधी बसलात?"

गाडी मधल्या स्टँडवर होती. साहेब कुरकुरत मागे चढले, ऐटीत टेकले आणि घसरले. पुन्हा मागे सरकले, पुन्हा घसरले. मांड्या आवळून, बाजूची कडी दोन्ही हातांनी धरली तेव्हा कुठे अंग थांबलं.

"गाडी उभी आहे, साहेब," मास्तर हळूच म्हणाले. "ब्रेक लागलेला नाही."

साहेबांनी हातांकडे पाहिलं. दोन्ही कडीवर होते.

"अगं, मग जप कुठल्या हाताने करायचीस?"

"जप कसला! जीव मुठीत धरून देवाचं नाव घेत होते."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही पुढे गाणी म्हणायचा ना," वहिनी म्हणाल्या. "दुकानात चाळीस वर्षांत एकही म्हटलं नव्हतंत."

साहेब उतरले. मास्तरांनी मागच्या काठावरून अंगठा फिरवला. तासलेला प्रत्येक थर त्यांच्याच हातचा होता. शिवण बघा, सुबक! दर खेपेला वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून असायच्या. बसायला कसं होतंय, हे मास्तरांनी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

"चूक माझी आहे, वहिनी."

"असू द्या हो, भाऊ."

साहेब गाडीला एक फेरी मारून आले. काचेवरचा डाग रुमालाने पुसला. मग म्हणाले, "भरा."

"काय?"

"सगळं भरा. कंपनीतून आली होती तेवढं. पुढचंही, मागचंही."

"पुढचं भरलं तर तुमचे पाय..."

"ठाऊक आहे मला. ज्याची होईल त्याला तरी नीट मिळू दे. त्याचीही कोणी मागे बसत असेल."

वहिनींना सकाळपासून हेच हवं होतं. तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, घाई नको. पुढच्या महिन्यात बघू."

"नको. आज धीर आहे तोवर."

मास्तरांनी ठेवणीतला चांगला फोम काढला. थरावर थर चिकटवला, सुरीने गोलाई दिली, नवं कातडं ताणून शिवलं. मागच्या गादीवर दोनदा वहिनींना बसवून पाहिलं. "इथे टोचतंय?" "नाही." "खरं सांगा." "थोडं डावीकडे." दुपार कलली तेव्हा गादी गाडीवर चढली.

"गाडी न्यायला उद्या मुलाला पाठवतो," साहेब म्हणाले, पण निघेनात. मग गाडीवर चढले. गाडी स्टँडवरच होती; बूट जमिनीपासून चांगले चार बोटं वर लोंबत राहिले. त्यांनी दोन्ही मुठी हँडलवर ठेवल्या, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि मान न वळवता म्हणाले, "बैस."

वहिनी मागे बसल्या. कडी धरावी लागली नाही. हात कुठे ठेवावेत ते त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी ते साहेबांच्या खांद्यांवर ठेवले.

दोघंही बराच वेळ उतरले नाहीत. मास्तरांकडे शिवायची आणखी एक गादी होती. ते मशीनपाशी बसले, पण त्यांनी मशीन सुरू केलं नाही.