डोळ्यांसाठी आलेली लेक

दीपाचा आयर्लंडहून फोन आला तेव्हा साधना उमरखेडच्या सेतू केंद्रात कोणाचा तरी उत्पन्नाचा दाखला टाइप करत होती. जून महिना, कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस, समोर रांग. दीपाही घाईत होती, तिची ड्युटी सुरू व्हायची होती.

"नांदेडले तो डोळ्याचा दवाखाना हाय नं, रुखमाबाईच्या राजदीपनं जिथं केलं, तिथली तारीख घेऊन ठेव," ती म्हणाली. "लेझरची. जानेवारीतली. मले चष्मा काढून टाकायचा हाय."

"तिथं नाही करत का?"

"करतात. पन इथं एका डोळ्याले जेवढे पैसे लागतात तेवढ्यात तिथं दोन्ही होतात, अन् जान्यायेन्याचं तिकीटही निघते."

साधनाने संध्याकाळी दवाखान्यात फोन लावला. तेरा जानेवारी मिळाली. तारीख वहीत लिहिताना तिच्या ध्यानात आलं की सत्तावीस जानेवारीला बाबांना जाऊन वर्ष होतं.

बाबा म्हणजे मारोती, एसटी डेपोतले मेकॅनिक. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत त्यांना लकवा मारला. साधना पुण्याची नोकरी सोडून महिनाभरासाठी म्हणून आली आणि चार वर्षं राहिली. त्यांना कुशीवर वळवायचं, चमच्याने भरवायचं, दुपारी केंद्रातून एक चक्कर मारायची, संध्याकाळी पाच वाजले की सायकल काढून घराकडे पळायचं. थोरली दीपा नर्स होऊन परदेशी गेली होती. औषधांसाठी दर महिन्याला पाठवायची, एकही महिना चुकला नाही. ती स्वतः मात्र आली नाही. बाबा गेले तेव्हा तिचं तिथलं राहण्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलं होतं, आता निघाले तर परत शिरता येणार नाही, असं ती म्हणाली. साधनाने मोबाइल उंच धरून तिला सगळं दाखवलं. स्मशानभूमीत रेंज गेली. साधना तरी तसाच हात वर करून उभी होती, कोणीतरी तिचा हात खाली घेतला.

दिवाळीच्या सुमारास नंदाबाईने, म्हणजे आईने, सगळ्या वस्तीत सांगून टाकलं की दीपा येऊन राह्यली, बापाच्या पहिल्या स्मृतिदिनाले. शेजारच्या रुखमाबाईला सांगितलं, विहारात सांगितलं, भाजीवाल्यालाही सांगितलं. साधना ऐकत राहिली. आईच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा काही दिसत होतं. दवाखान्याच्या तारखेचं तिच्या तोंडावर आलं आणि तिने ते गिळलं. दीपाने ऑपरेशनचं आपणहून सांगितलं तर सांगू दे, आपण कशाला.

स्मृतिदिन आईने एकोणीस तारखेला ठेवला. सत्तावीसला सोमवार पडतो, लोकांना कामधंदे असतात, एकोणीसला रविवार आहे, ती म्हणाली. साधनाला ते पटलं.

दीपा दहा तारखेला हैदराबादला उतरली आणि रेल्वेने नांदेडला आली. साधना एसटीने तिथे गेली. सात वर्षांनी बहिणी भेटत होत्या. दीपा बारीक झाली होती, केस कापले होते, नाकावर जाड चष्मा होता. कॉन्टॅक्ट लेन्स पंधरा दिवस आधी बंद करायला लावल्या होत्या. तिने साधनाला घट्ट धरलं आणि मग विचारलं, "उद्याच्या तपासनीले किती वाजता जा लागते?"

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. दोन दिवस लॉजवर काढले आणि तपासणी करून दोघी उमरखेडला आल्या. घरात पाऊल टाकताच दीपाने आईच्या गळ्यात पडून काळा चष्मा काढला, आणि आईने आधी तिचे डोळे पाहिले. "दिसते नं चांगलं?" तिने विचारलं. साधना बॅगा आत नेत होती. हे ऑपरेशन आईला ठाऊक आहे, याचं तिला तेव्हा नवल वाटलं नाही. दीपाने फोनवर सांगितलं असेल, असं तिने धरलं.

दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे होते, तीन बाटल्या, दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं सोडून. दीपा खाटेवर आडवी व्हायची आणि साधना उशाशी बसायची. बाबांची खाट तीच होती, फक्त जागा बदलली होती.

"डाव्याले आधी," दीपा म्हणाली.

"मालूम हाय मले."

"तू अशी आखडून काहून बोलून राह्यली? आल्यापासून पाहतो मी."

साधनाने थेंब टाकला. दीपाने डोळा मिटला.

"बाबाच्या वेळेले तिकीट मिळत नव्हतं," साधना म्हणाली. "आता मिळालं."

"तिकिटाचं नव्हतं ते. कार्ड नव्हतं माह्याजवळ. तुले सांगतलं होतं."

"कार्ड मार्चमधी आलं नं. तेरवी नाही करत आपन, पन मार्चमधीही कोनी यायले मना नव्हतं केलं. आई रोज दारात बसून राहे."

"मार्चमधी सुट्टी नव्हती. वार्डात सहा मानसं कमी होती." दीपा डोळे मिटूनच बोलत होती. "बारा-बारा तास लेन्स घालून डोळे जळतात, साधना. चष्मा घातला तं मास्कच्या वाफेनं काही दिसत नाही. एकदा सुई माह्याच बोटात गेली. मी हौसेसाठी नाही केलं."

साधनाने बाटलीला झाकण लावलं.

"तू मले माफ करशीन असं वाटलंच नव्हतं," दीपा म्हणाली. "दुसरी बाटली घे, पाच मिनिटं झाले."

एकोणीस तारखेला विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत मंडप टाकला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घातले, शेजारी बाबांचा डेपोतल्या खाकी कपड्यातला फोटो ठेवला. त्रिशरण-पंचशील झालं. डॉक्टरने धूर आणि धुळीपासून जपायला सांगितलं होतं म्हणून दीपा मेणबत्त्यांपासून लांब, पहिल्या खुर्चीवर काळा चष्मा लावून बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती रुमालाची घडी करून गालावरच टिपत होती, डोळ्याला हात लावायचा नव्हता.

बायकांनी ते पाहिलं. "पोरगी सकाळपासून रडूनच राह्यली," रुखमाबाई शेजारणीला म्हणाली.

डेपोतले एक जुने सहकारी बोलायला उभे राहिले. मारोतीने पान्हा धरून पोरी शिकवल्या, ते म्हणाले, आणि आज एक पोरगी बापाला अभिवादन करायला सातासमुद्रापलीकडून आली, अशा लेकी घरोघर व्हाव्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीपाने मान खाली घातली. साधना तेव्हा मंडपामागे होती, वरणात पाणी कमी पडलं होतं. टाळ्या तिला ऐकू आल्या. भाषण नंतर कोणीतरी मोबाइलवर दाखवलं. त्यात तिचं नाव नव्हतं. सहकाऱ्याची त्यात चूक नव्हती, जी रोज दिसते तिच्याबद्दल काय बोलणार.

दुपारी चारला भांडी घासायला आई आणि साधना दोघीच मागच्या अंगणात बसल्या. दीपा आत आडवी झाली होती. आई खुशीत होती, लोक किती आले ते मोजत होती.

"आई," साधना म्हणाली, "एक सांगू? ताई बाबासाठी नाही आली. डोळ्यासाठी आली. जूनमधी मीच तारीख घेऊन देल्ती. मी तुले सांगतलं नाही, तुले वाईट वाटन म्हणून."

आईने वरणाच्या मोठ्या गंजाच्या बुडाला राख लावली आणि घासत राहिली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"ताईनं सांगतलं?"

"म्याच सांगतलं तिले. राजदीपचं ऑपरेशन झालं तवा रुखमाबाईपाशी समदं इचारलं. मंग दीपाले म्हटलं, तिकडं इतकं महाग हाय तं इकडं करून घे, आपल्या नांदेडले. सस्त्यात होते. तुह्या बापासाठी ये असं चारदा म्हटलं होतं, चारदा तिनं पाहतो म्हटलं. डोळ्याचं म्हटलं तं एका आठवड्यात तिकीट काढलं."

साधनाच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"अन् एकोणीस तारीख?"

"बावीसले तिचं विमान हाय. सत्तावीसले कोनाले बसवतो खुर्चीवर?"

"रविवार म्हणून सांगतलं तू मले."

"रविवारच हाय नं आज," आई म्हणाली. मग तिने आवाज खाली घेतला. "लोकं वर्षभर मले इचारत होते, बाप मेला तरी पोरगी आली नाही का. कोनाकोनाले काय सांगू? आज आली नं. पाह्यली नं समद्यांनी."

"मी होतो तं चार वर्षं."

"तुह्याबद्दल कोन काय इचारते? तू तं घरीच हायस."

साधनाने ताट धुऊन पालथं घातलं. जूनपासून जानेवारीपर्यंत ती आईला एका दुःखापासून सांभाळत होती, आणि ते दुःख आईने स्वतःच बोलावून घरी आणलं होतं. तिला आईचा राग आला, आणि राग धरावा एवढीही जागा सापडेना. आई पुढचा गंज घासायला लागली होती.

बावीसला दीपा गेली. जाताना तिने साधनाला आपला एक चांगला स्वेटर दिला आणि म्हणाली, "तूही तपासून घे डोळे. कम्प्युटरवर बसतेस दिवसभर." ती मनापासून म्हणाली. साधना हो म्हणाली.

सत्तावीसला सकाळी साधनाने फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि वंदना म्हटली. आईही येऊन हात जोडून बसली, मध्येच उठून चहा ठेवायला गेली. साडेअकराच्या सुमारास दीपाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं. ती ड्युटीवर निघाली होती, गाडीत बसली होती. चष्मा किंवा लेन्स न लावता पहिल्यांदाच गाडी चालवते आहे, म्हणाली, रस्त्यावरच्या पाट्या लांबून वाचता येतात. वार्डातल्या दोन केरळच्या नर्सनी दवाखान्याचा नंबर मागितला होता. आई हसत होती, खोदून खोदून विचारत होती. साधना बाजूला उभी राहून वाट पाहत होती. दहा मिनिटं झाली. दीपा "चल, उशीर होते" म्हणाली आणि फोन बंद झाला.

"तिले मेसेज करू का, आज कोनती तारीख हाय ते?" साधनाने विचारलं.

"नको," आई म्हणाली. "आताच ऑपरेशन झालं. रडन तं डोळ्याले तरास होईन."

साधना सेतू केंद्रात गेली. शिष्यवृत्तीचे अर्ज होते, गर्दी होती. पाच वाजले तशी तिने सवयीने पर्स उचलली आणि मग पुन्हा ठेवली. समोर एक बाई रेशनकार्ड घेऊन उभी होती, उद्या येऊ का म्हणून विचारत होती.

"बसा," साधना म्हणाली. "आताच करून देतो. मले काही घाई नाही."