घडीच्या आतली बाजू

माझं तोंड वाईट आहे, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. चौसष्ट वर्षं ते माझ्याच चेहऱ्यावर आहे. पण ते कुणी छापून चार लोकांत विकेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

हे उद्योग भव्याचे. भव्या माझ्या भावाची, मानाजीरावाची मुलगी. आईबाप हुणसूरला आणि हिची नोकरी म्हैसूरला, म्हणून तीन वर्षं झाली, माझ्याकडे बन्नीमंटपला राहते. दिवसभर कंप्युटरपुढे बसते आणि घरी आली की कात्री, डिंक, रंगीत पेनं घेऊन जमिनीवर पसरते. एका कागदाची लहानशी चोपडी करते. स्वतःच लिहायचं, स्वतःच चित्रं काढायची, कोपऱ्यावरच्या विजयेंद्रच्या दुकानात झेरॉक्स काढून आणायच्या आणि विकायच्या. त्याला झीन म्हणतात म्हणे. आमचे वाडवडील म्हैसूरच्या घोडदळातले. मी म्हटलं, "जीन आहे तर घोडा कुठाय गं?" तर ही पोरगी हसली आणि माझं तेवढं वाक्य वहीत लिहून घेतलं. तिथेच मला संशय यायला हवा होता.

मी तिला चिडवायचे, पण चोरून बघायचेही. कारण कागदाच्या घड्या घालूनच मी पोट भरलं. सव्वीस वर्षं छापखान्यात बाइंडिंगला होते. मी हाडाच्या पट्टीने घड्या दाबायचे आणि माझ्यासमोर बसून माझी धाकटी बहीण भवानी दाभणाने भोकं पाडून टाके घालायची. भव्याची घडी बघितली की माझ्या हाताला खाज सुटायची. कडेला कड म्हणून जुळायची नाही.

"आत्या, तू नको सांगू. हातानं केलेलं असंच दिसायला पाहिजे," ती म्हणायची.

"हातानं केलेलं आणि हात मोडका असलेलं यात फरक आहे, अम्मा," मी म्हणायचे. तेही तिने लिहून घेतलं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गोकुलममध्ये या झीनवाल्यांचा बाजार भरला. संध्याकाळी भव्या नाचतच घरात आली.

"आत्या, तुझी सगळ्यात जास्त गेली! एकटीच्या वीस!"

"माझी काय गेली?"

तिने तळहाताएवढी चोपडी माझ्या हातात ठेवली. वर कन्नड अक्षरांत लिहिलं होतं, 'आत्याचं तोंड'. आम्ही बोलतो मराठी, पण लिहितो-वाचतो कन्नडमध्ये, आमच्यात सगळ्यांचं तसंच. खाली माझं चित्र. नाकावर चष्मा, कमरेवर हात आणि तोंड एवढं उघडं की आत बस उभी राहील.

आत पानापानावर माझं एकेक वाक्य. "जेवायला पहिली, ताट उचलायला शेवटची." "उठा, कुंभकर्णाच्या थोरल्या बहिणी." "घोडा कुठाय?" तेही होतंच.

"कोण घेतलं गं हे?"

"योगाला आलेल्या गोऱ्या बायकांनी. चित्रं आवडली त्यांना."

देवरे! एक अक्षर कळत नाही आणि दाम मोजून शिव्या घेऊन गेल्या. मी पोट धरून हसले. मग सहावं पान उलटलं.

एक मोठं पातेलं, त्यात हातपाय मारत पोहणारी बाई, आणि खाली लिहिलेलं, "काय हे, भवानीचं सारू!"

"हे कशाला घातलंस?"

"का? तू रोजच म्हणतेस की. चहा पातळ झाला तरी म्हणतेस, डाळ पातळ झाली तरी म्हणतेस. मला वाटलं, लाडानं म्हणतेस."

तिचं काय चुकलं? ती तेव्हा शाळेत होती. आत्या आणि धाकटी आत्या बोलत नाहीत एवढंच तिला माहीत. कशावरून, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चूक लपवायची म्हणून आम्ही ती घरातला विनोद करून ठेवली होती, आणि मी तो नऊ वर्षं रोज वाढत होते.

झालं होतं असं. भवानीच्या मुलीचं, स्मृतीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी बेट्टदपुरला भवानीच्या दारात बीगर ऊट होतं. म्हणजे लग्नानंतर व्याह्यांना मटणाचं जेवण घालतात, ते. मी व्याहीणबाईंच्या शेजारी बसले होते. पानात सारू, म्हणजे मटणाचा रस्सा, पडलं ते पानभर धावायला लागलं. आणि मी भर पंगतीत म्हणाले, "भवानी, यात मटण आहे की बोकड नुसता वरून उडी मारून गेला?" सगळी पंगत हसली. व्याहीणबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. भवानी वाढायची पळी हातात धरून तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. मी फोन केला की ती ठेवून देते. मानाजीरावाच्या घरी दोघी गेलो तर ती आतल्या खोलीत आणि मी बाहेरच्या. आणि विजयादशमीला धाकट्याने बन्नीची, म्हणजे शमीची पानं घेऊन थोरल्याच्या घरी जायचं, पाया पडायचं, ही आमची रीत. भवानी नऊ दसरे आली नाही. दरवर्षी मी सकाळपासून दार उघडं ठेवते आणि कुणी विचारलं तर सांगते, उकडतंय. भवानी आली नाही तर मला दसरा वाटतच नाही. हे मी भव्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"ओळखीच्या कुणी घेतली का ही?" मी विचारलं.

"शरतनं घेतली ना!"

शरत म्हणजे भवानीचाच मुलगा. इथे नोकरीला आहे.

"मंगळवारी संध्याकाळी गावाला जातोय, आयुधपूजेला. आईला दाखवणार म्हणाला. त्यानं तिथूनच फोन करून सांगितलं तिला, थोरल्या मावशीचं पुस्तक आणतोय म्हणून."

मी चोपडी मिटून खाली ठेवली. मग भव्याला सगळं सांगितलं. ती पांढरी पडली.

"मी शरतला सांगते आत्या, हरवलं म्हणून सांग. नाही तर ते पान काढून दुसरी छापते."

"वेडी आहेस? तिला कळलंय पुस्तक येतंय. आलं नाही तर ती म्हणेल, काहीतरी लपवलं. आणि वीस बाहेर फिरताहेतच. बोलले ते बोलले."

सोमवारी मी दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी ती चोपडी पुन्हा हातात घेतली. डोकं दुसरीकडे होतं, पण बोटांना सवय. टाका कुठाय ते बोटं शोधायला लागली. टाका नाही, डिंकही नाही. मग मी ती उलगडली. एकच कागद, घड्या घालून त्याची आठ पानं, मधोमध कात्रीची एक चीर, आणि दोन टोकं आत ढकलली की झाली चोपडी. छापलेली बाजू सगळी बाहेर, आणि मागची अख्खी बाजू कोरी. ती घडीच्या आत लपून राहते.

आणि मला भवानीचे हात आठवले. छापखान्यात कुठलंही पुस्तक येवो, ती आधी पाठ उघडून टाका बघायची. कॅलेंडर असो, लग्नपत्रिका असो, उकलून बघितल्याशिवाय तिला चैन नाही. इथे तर टाकाच नाही. चिडून का होईना, ती हे उकलणार म्हणजे उकलणार.

"भव्या," मी हाक मारली, "मागच्या बाजूला छापता येतं?"

"येतं की. कशाला?"

"पेन दे. आणि मध्ये बोलू नको."

"आत्या, शरतच्या एकट्याच्या कागदावर लिहिलंस तरी चालेल ना?"

"मी एकटीत बोलले होते का? पंगतीत बोलले होते. आता जेवढ्या उरल्या तेवढ्यांवर छापायचं."

लिहायला दोन तास लागले. चार कागद फाडले. बोलताना कशी सरसर जीभ चालते, आणि इथे एकेक शब्द दगडासारखा. त्या चिरीच्या वर अर्धं आणि खाली अर्धं, असं शेवटी लिहिलं:

"भवानी, सारू पातळ होतं. पण त्या दिवशी मटण होतं सव्वाशे माणसांचं आणि पंगतीला आली दोनशे. तू आत गेलीस, पातेल्यात पाणी ओतलंस, मसाला परत वाटून घातलास आणि एका माणसालाही उपाशी उठवलं नाहीस. पंगतीला बसायच्या आधी मी हात धुवायला आले होते, दारात उभं राहून बघितलं. ते मी पंगतीत सांगायला हवं होतं. ते ठेवलं आणि दुसरंच बोलले. माझं चुकलं. अक्का."

भव्याने वाचलं आणि नाक पुसलं. "मी चांगल्या अक्षरात काढून देऊ?"

"नको. माझं अक्षर ती ओळखते."

मंगळवारी सकाळी विजयेंद्रचं दुकान उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर बसलो होतो. तो म्हणाला, "आज जमणार नाही हो शकुंतलाबाई. दुपारी मशीन पुसून बंद करणार, उद्या त्याची पूजा. मग परवा पूजा उतरवल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

"दुपारी बंद कर. आता सकाळ आहे." मी कागदांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. "आणि विजयेंद्र, कागद डोक्याकडून घाल. पायाकडून घातलास तर सगळं उलटं छापेल."

त्याने पायाकडूनच घातला. पहिला कागद उलटा आला. सुम्मने, उगाच नाही माझं डोकं फिरत. पण त्या दिवशी मी नुसता कागद फिरवून दिला. विजयेंद्र माझ्याकडे बघतच राहिला. "बरं आहे ना हो तुम्हाला?" म्हणाला.

घरी येऊन मी पट्टी काढली आणि पहिल्यांदाच भव्याला शेजारी बसवून घडी शिकवली. कड आधी, दाब नंतर. पण शरतसाठीची तिनेच घातली, हट्टाने. पाचला शरत आला. मी जुनी घेतली, नवी दिली.

"जुनीत काय होतं मावशी?"

"चूक होती."

"मोठी?"

"जा, बस चुकेल."

बुधवारी आयुधपूजा. घरातली विळी, कात्री, भव्याचा लॅपटॉप, सगळ्याला हळदीकुंकू झालं. माझ्या पट्टीला लावलं, आणि तिच्याशेजारी भवानीच्या दाभणाला. छापखाना सुटला तेव्हा ते माझ्या डब्यात राहिलं होतं. नऊ वर्षं मी त्याला कुंकू लावते. बेट्टदपुरहून दिवसभर फोन आला नाही. भव्या दर दहा मिनिटांनी मोबाइल बघायची आणि मी तिला ओरडायचे, आणि मग हळूच विचारायचे, "काही?"

विजयादशमीला दुपारपासून आमच्याकडचे रस्ते बंद होतात. दसऱ्याची मिरवणूक शेवटी इथेच येते. रिक्षा नाही, बस नाही, गर्दी ही एवढी. तीन वाजले, मी मनातून आशा सोडली आणि दार लावायला उठले. अय्यो, किती रडू आलं म्हणून सांगू.

दारात भवानी उभी. घामाने निथळलेली, चप्पल हातात, एका खांद्यावर पिशवी. बस लांबच अडवली होती, तिथून चालत आली होती. केस पांढरे झाले होते तिचे. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने बन्नीची पानं माझ्या हातात ठेवली, वाकून पाया पडली. मी तिला खांद्यांना धरून उठवलं. मग तिने पिशवीतून ती चोपडी काढली.

"ही घडी कोण घातलं?" नऊ वर्षांनी पहिलं वाक्य हे.

"भव्यानं."

"वाटलंच. उकलून परत घातली मी." कडेला कड जुळली होती. "टाका शोधत होते," ती म्हणाली.

तिने डबा काढला. आयुधपूजेच्या मटणाचं सारू. भव्या ताटल्या घेऊन आली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी आता फटाका लावणार आहे. भवानीने माझ्या ताटलीत पळी ओतली. सारू जागचं हललं नाही. एवढं दाट, एवढे तुकडे.

"आज तिघीच आहोत," भवानी म्हणाली.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. काहीतरी चांगलं बोलावं, इतक्या वर्षांचं बोलावं, असं फार वाटलं. एक घास खाल्ला, गिळला.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

भव्याने कपाळावर हात मारला. भवानी मात्र हसली, अगदी पूर्वीसारखी, खांदे हलवत. हसतच उठली, स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीजवळच्या फळीवरून मिठाची बरणी घेऊन आली. ती कुठे असते, ते तिला विचारावं लागलं नाही.