शिरसाठ अनुमोदन देत नाहीत

आमच्या राहुरी परिसर इतिहास मंडळाला कायमचा अध्यक्ष नव्हता, आणि ही गोष्ट आम्ही मोठ्या अभिमानाने सांगायचो. प्रत्येक सभेला अध्यक्ष नव्याने निवडायचा, अशी आमची घटना. निवडायचा म्हणजे रविकांत धर्माधिकारी सरांनाच निवडायचं, हे तिच्यात लिहिलेलं नव्हतं. पण सूर्य पूर्वेला उगवतो हे तरी कुठे लिहून ठेवावं लागतं? घटना सरांनीच केली होती. निवृत्त मुख्याध्यापकाला रिकामा वेळ मिळाला की काय होतं, ते ती वाचल्यावर कळायचं.

मी मंडळाची कार्यवाह. सभेच्या सुरुवातीला मी सूचना मांडायची, की अमुक यांनी आजचं अध्यक्षस्थान स्वीकारावं. मग एका सभासदाने उठून अनुमोदन द्यायचं. तोवर सर खुर्चीशेजारी हात मागे बांधून उभे. "अनुमोदन मिळेपर्यंत मी एक साधा सभासद," असं ते म्हणायचे आणि चेहरा असा करायचे, की आज बहुतेक मिळत नाही. मग मिळायचं. मग नवल वाटल्यासारखं करून सर बसायचे, ते थेट समारोपाच्या भाषणालाच उठायचे. मधल्या वेळात ताठ. पाठ कधी टेकायची नाही, मांडी कधी बदलायची नाही. व्यासंगी माणसाची बैठक अशी असते, असं आम्ही नव्या लोकांना दाखवायचो.

अनुमोदन देणारा पदाधिकारी असता कामा नये, असंही एक कलम होतं. लोकशाही दिसली पाहिजे ना! आता मंडळात माणसं मोजकी आणि पदं उदंड. अध्यक्ष कायमचा नसला तरी उपाध्यक्ष दोन होते. खजिनदार होता, ग्रंथपाल होता, नाणीप्रमुख होता; एकही नाणं नव्हतं. सगळ्यांना काही ना काही मिळालं होतं. राहिले एकटे जालिंदर शिरसाठ. देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे, दर सभेला सायकलवरून यायचे आणि अनुमोदन द्यायचे. त्यांना पद का नाही, असं कुणी विचारलंच तर सर म्हणायचे, "मग अनुमोदन कोण देणार?" यात दुसरं काही नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. कुणी विचारलेलं नसताना सांगायचो.

चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरात खर्ड्याहून गोरक्षनाथ सानप किल्ल्यावर बोलायला आले. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सभा होती. मी जिना चढत होते तर पुढे शिरसाठ आणि त्यांच्या आई चांगुणाबाई. म्हातारी पोराचं मंडळ बघायला पहिल्यांदाच आली होती, कडक इस्त्रीचं लुगडं नेसून.

"जय भीम, मॅडम," त्या म्हणाल्या. "आमचा जालिंदर हितं काय असतो?"

"ते अनुमोदन देतात."

"म्हंजे?"

शिरसाठांनीच सांगितलं, "आई, मी उठून हो म्हणतो. मग सर खुर्चीत बसतात."

चांगुणाबाई एक पायरी चढल्या आणि थांबल्या. "दर बारीला तूच बसवतो व्हय त्यांना?"

"हो."

"आन् तुला कोन बसवतं?"

मला एकदम वडे आले की नाही ते बघायचं आठवलं. वडे आले होते. हॉलच्या मागच्या टेबलावर झाकून ठेवले होते आणि त्यांचा वास पार व्यासपीठापर्यंत पोचत होता. पण अध्यक्षीय समारोपाआधी अल्पोपाहार नाही, असं कलम होतं.

सभा सुरू झाली. म्हणजे मी माइकपुढे गेले. "आजच्या सभेचं अध्यक्षस्थान धर्माधिकारी सरांनी स्वीकारावं, अशी सूचना मी मांडते. शिरसाठ सर अनुमोदन देतील."

कुणी उठलं नाही. खालून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा टेपही गेला, तरी नाही.

"शिरसाठ," मी म्हटलं, "अनुमोदन."

"देत नाही," शिरसाठ बसूनच म्हणाले.

हॉलमध्ये वड्यांवरचा कागद फडफडलेला ऐकू आला. सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतकी वर्षं जो भाव ते आणायचे, तो आज खरोखर आला होता आणि त्यांना तो मुळीच शोभत नव्हता.

"काही हरकत आहे का माझ्यावर?" सरांनी विचारलं.

"तुमच्यावर कशाला, सर?" शिरसाठ उठले. "मला एकदा तिथं बसायचंय. बाकी काही नाही."

"मग तसं आधी सांगायचं!"

"कधी सांगणार? सभेत बोलायला अध्यक्षांची परवानगी लागते. आणि मी अनुमोदन दिल्याशिवाय अध्यक्ष नसतो. दिलं की तुम्ही असता."

घटना इतकी चोख लिहिली होती, की लिहिणाऱ्यालाच तिच्यातून वाट नव्हती.

पुढची पळापळ मी थोडक्यात सांगते, कारण आठवली की आजही मला हसू आवरत नाही. ग्रंथपाल म्हणाले, सभा तहकूब करू. पण तहकूब अध्यक्षांनी करायची, आणि सुरूच न झालेली सभा तहकूब कशी करणार? दोन्ही उपाध्यक्ष म्हणाले, श्रोत्यांतल्या एखाद्याला सभासद करून घेऊ. पण सभासद करून घ्यायला अध्यक्षांची सही लागते. शेवटी आमचे खजिनदार कानिफनाथ उठले. त्यांचं सगळं लक्ष वड्यांकडे होतं. ते तावातावाने म्हणाले, "मी राजीनामा देतो! मग मी साधा सभासद, मग मी अनुमोदन देतो, मग आपण खातो!"

"राजीनामा कुणाकडे देणार?" सरांनी विचारलं.

"अध्यक्षांकडे," असं म्हणून कानिफनाथ खाली बसले.

सानपांनी हळूच विचारलं, की नगरकडची गाडी किती वाजता आहे. त्यांनी दोन एसट्या बदलून एक शब्द न बोलता परत जावं, ही वेळ आली होती. मला आमच्या सगळ्यांचा मनस्वी राग आला. मग चांगुणाबाईंकडे नजर गेली. त्या पोराकडे बघत होत्या आणि पोरगा एकटा उभा होता. आता शिरसाठ बसले असते, तर आईसमोर बसले असते आणि पुन्हा कधी उठले नसते. हे मला दिसत होतं.

तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. मी सरांना विचारलं, "सर, आत्ता या घटकेला तुम्ही कोण आहात?"

"म्हणजे?"

"अनुमोदन मिळालेलं नाही. म्हणजे तुम्ही अध्यक्ष नाही. दुसरं पद तुमच्याकडे कधीच नव्हतं."

"मी एक साधा सभासद," सर सवयीने बोलून गेले, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं.

मी माइक धरला. "पहिली सूचना मागे घेते. आजच्या सभेचं अध्यक्षस्थान जालिंदर शिरसाठ यांनी स्वीकारावं, अशी सूचना मांडते." आणि सरांकडे बघत राहिले.

सर खुर्चीकडे बघत होते. माणूस वाईट नव्हता हो, पण स्वतःचा मान सोडेल तर शपथ. तिथून ते तडक घरी गेले असते तरी मला नवल वाटलं नसतं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, घसा साफ केला. आजवर दुसऱ्या कुणाला अनुमोदन द्यायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती.

"या सूचनेला," ते म्हणाले, "मी मनापासून अनुमोदन देतो."

मनापासून हा शब्द घटनेत नव्हता. मी उगाच माइकची वायर सरळ करू लागले.

शिरसाठ व्यासपीठावर आले. ते बसणार, एवढ्यात सरांनी त्यांचा दंड धरला आणि कानाशी लागून म्हणाले, "डावा पाय घट्ट रोवा. पाठ टेकू नका. खुर्चीचा मागचा पाय निखळलाय, टेकलात की गेलात."

माइक चालू होता. सगळ्या हॉलने ऐकलं.

"कधीपासून?" शिरसाठांनी विचारलं.

"पहिल्या सभेपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"अध्यक्षाने खुर्चीची तक्रार करायची नसते," सर म्हणाले. "लोकांना वाटतं, उठायची तयारी आहे."

आमच्या व्यासंगी बैठकीचं असं झालं. पुढच्या रांगेतून चांगुणाबाई कडाडल्या, "आन् आता मोडकी झाल्यावर माझ्या पोराला देता व्हय?"

"आई, पहिल्यापासूनच मोडकी हाय ती," शिरसाठ म्हणाले.

कानिफनाथ लगबगीने प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. शिरसाठांनी ती सरांना दिली. "मी हीच घेतो," असं म्हणून लाकडी खुर्चीत बसले आणि डावा पाय रोवला.

सानप छान बोलले म्हणतात. मी ऐकलंच नाही. आम्ही सगळे शिरसाठांचा पाय बघत होतो. सर प्लास्टिकच्या खुर्चीत रेलले आणि किल्ल्याचा दरवाजा उघडायच्या आतच घोरायला लागले. भाषण संपल्यावर शिरसाठांनी अध्यक्ष म्हणून पहिला निर्णय दिला: आधी वडे, मग समारोप. टाळ्या अशा पडल्या, की सर दचकून जागे झाले.

वड्याची बशी घ्यायला शिरसाठ खाली उतरले तर डावा पाय ओढत होते.

"लंगडतोस का रं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"अध्यक्ष हाय ना, आई."

"मंग फुडल्या बारीला नको बसू. लई दुखंल."

"बसनार," शिरसाठ म्हणाले. "पण आधी सुतार बोलवणार."

सर वडा खाता खाता थांबले. "त्याला ठराव लागेल."

"लागू दे. सभा अजून संपलेली नाही. मॅडम मांडतील, अनुमोदन तुम्ही द्या."

सरांनी घाईघाईने घास गिळला, हात धोतराला पुसले आणि उभे राहिले.