गुडघा टेकलेला माणूस

शिवदासने तपकिरी जाकिटाची शेवटची गुंडी लावली आणि छतावरच्या बागेत, गवतावर चिकटवलेल्या निळ्या खुणेपाशी तो येऊन उभा राहिला. इतरांच्या खुणा पांगलेल्या होत्या. त्याची तेवढी लिम मॅडमच्या खुर्चीच्या पायाशी होती.

"बस ना," चंद्रशेखर सर डोक्यावरची उंच काळी टोपी सावरत म्हणाले. "उजवा गुडघा टेकायचा. चित्र पाहिलंयस ना?"

चित्र त्याने पाहिलं होतं. पाया लेबार भागातल्या ऑफिसात तो रोज सकाळी त्याच्यासमोरून जात असे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं ते तैलचित्र संस्थापकांनी लंडनहून आणून स्वागतकक्षात लावलं होतं. शर्यतीचा दिवस, उघडी बग्गी, रेशमी छत्र्या, गवतावर मांडलेली मेजवानी. घोडे पार मागे, माश्यांएवढे, आणि त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र एक माणूस गुडघा टेकून, बग्गीच्या पायरीवर बसलेल्या बाईच्या बुटाची नाडी बांधत होता. चित्रकाराने त्याला चेहरा दिलाच नव्हता, नुसती पाठ दिली होती. ती पाठ शिवदासला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटत आली होती. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून ते चित्र जिवंत माणसांनिशी उभं करून फोटो काढायचा, ही कल्पना संचालिका लिम मॅडमची. कोणी काय व्हायचं, ते चंद्रशेखरांनी ठरवलं. ते शिवदासचे विभागप्रमुख होते. पुढच्या महिन्यात त्याच्या एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे या परक्या देशात नोकरी करायच्या परवान्याच्या, नूतनीकरणाची शिफारस त्यांच्याच सहीने जायची होती. साऱ्या ऑफिसात मराठी असे हे दोघेच. पहिल्या भेटीत त्यांनी मोठ्या आपुलकीने विचारलं होतं, "शिवदास, पुढे काय?"

"मेश्राम."

"अच्छा," ते म्हणाले होते. घरी जेवायला बोलावण्याचं एक वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं शिवदासला स्पष्ट दिसलं होतं. ते नंतर कधीच बाहेर आलं नाही. बाकीच्या ऑफिसला मेश्राम म्हणजे ओळखपत्रावर छापलेली काही अक्षरं होती.

आज सकाळी पुंगोलच्या फ्लॅटमध्ये लेकीचा डबा भरता भरता ऋता, त्याची बायको, एवढंच म्हणाली होती, "पासचं काय व्हायचं ते होईल. पण आज जे काही बोलशील ते तोंडाने बोल. मनातल्या मनात तू फार छान बोलतोस."

"सर, मी गुडघा टेकणार नाही," शिवदास म्हणाला.

आवाज बारीकच निघाला, पण निघाला.

चंद्रशेखर हसले. "अरे, पाच मिनिटांचं काम. नाटक आहे हे."

"धवलची कोंबडी बदललीत तुम्ही."

दोन पावलांवर धवल शहा पोटाला उशी बांधून उभा होता. चित्रातल्या लठ्ठ गृहस्थाच्या हातात कोंबडीची तंगडी आहे आणि धवल जैन. त्याने नुसती मान हलवली, तर तासाभरात तंगडीचं सफरचंद झालं होतं. सगळे हसले होते, धवलही.

"ते धर्माचं आहे," चंद्रशेखर म्हणाले.

"हेही तसंच समजा."

"अंकल, फास्ट लाह," फोटोग्राफरने पलीकडून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत घाई केली. "मॅडम सिटिंग सो लाँग ऑलरेडी."

लिम मॅडमनी नाडी सुटलेला बूट थोडा पुढे केला होता. शिवदासने त्याच्याकडे पाहिलं. बूट बांधायचा तर पाय स्टुलावर घ्यावा, मान खाली घालू नये, असं वडिलांनी त्याला लहानपणी शिकवलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. आजोबांना गावातून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत, हे त्याला पुष्कळ वर्षांनी आत्याकडून कळलं.

चंद्रशेखर जवळ आले. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी जसंच्या तसं ठेवलं होतं. आवाज तेवढा उतरला होता.

"हे बघ, इथे कोणाला काही माहीत नाही. माहीत व्हायची गरजही नाही. तुम्हा लोकांना ना, कशातही तेच दिसतं."

"काय म्हणताहेत?" लिम मॅडमनी इंग्रजीत विचारलं. "काही अडचण आहे?"

"नथिंग, मॅडम. ही इज शाय."

लाजाळू. जन्मभर त्या शब्दाच्या आडोशाला तो सुखाने राहिला होता. पावसात एखाद्याने परक्या घराच्या वळचणीला उभं राहावं, तसा. आता कोणीतरी त्याला हाताला धरून पुन्हा तिथेच नेऊ पाहत होतं.

शिवदास इंग्रजीत बोलू लागला. सावकाश, सर्वांना ऐकू जाईल असं.

"मी गुडघा टेकायला नकार दिला, मॅडम. त्यावर सर म्हणाले, तुम्हा लोकांना कशातही तेच दिसतं."

त्या शेवटच्या वाक्याचं त्याने शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं होतं. त्यात काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

लिम मॅडमनी हातातली रेशमी छत्री मिटली. "कोणत्या लोकांना?"

त्या रागावल्या नव्हत्या. अहवालातलं एखादं वाक्य कळलं नाही की बैठकीत त्या असंच विचारत. धवलने सफरचंद खाली घेतलं.

चंद्रशेखरांनी शिवदासकडे पाहिलं. इतक्या दिवसांत प्रथमच त्या नजरेत विनवणी होती. नागपूरकडचे, इंजिनिअर, नव्या पिढीतले. शिवदासने यातला कोणताही एक शब्द पुढे केला असता, तर ते सुटणार होते. त्यालाही ते शब्द दिसत होते.

"ते मला नाही सांगता येणार, मॅडम," तो म्हणाला. "सरांना माहीत आहे."

लिम मॅडम चंद्रशेखरांकडे वळल्या. खाली रस्त्यावर सिग्नल बदलला, थांबलेल्या गाड्या निघून गेल्या, दुसऱ्या येऊन थांबल्या. शिवदास उभा होता. त्याला कसलीही घाई नव्हती.